धुवायचा राहिलेला रोल

नाव चंद्राबाई आकाराम सुर्वे, वय ४६, धंदा शेती व घरकाम, रा. कडेगाव, जि. सांगली.

ठाण्यात स्वतः येऊन जबाब देते की, मी वरील गावी मुलगी रेश्मा, वय २४, हिच्यासोबत राहते. माझे पती आकाराम मिलिटरीत होते. रेश्मा पोटात असताना ते सुट्टी संपवून ड्युटीवर गेले आणि तिकडेच वारले. त्यांनी लेकीचे तोंड पाहिले नाही.

जायच्या दिवशी त्यांनी कँटीनमधून घेतलेला छोटा कॅमेरा शेजारच्या बनुबाईच्या हातात दिला आणि माझ्या पोटावर हात ठेवून अंगणात उभे राहिले. मी म्हणाले, "आवं, लोक बघत्यात." ते हसले, तेवढ्यात बनुबाईने बटण दाबले. रोलमध्ये थोडे फोटो शिल्लक होते. "रोल संपल्याबिगर धुवायला दिऊ नगो, वाया जातोय," असे ते सांगून गेले. मी तो संपवला नाही. झाकण उघडून उजेड लागला तर फोटो जातात, म्हणून चिकटपट्टी लावून कॅमेरा कपाटात ठेवला. रेश्माच्या हळदीत उरलेले फोटो काढायचे आणि मग रोल धुवायला द्यायचा, असे आम्ही मायलेकींनी ठरवले होते. इस्लामपूरचा स्टुडिओवाला म्हणाला होता, डाग पडतील, पण फोटो येईल. हळद येत्या रविवारी आहे.

माझा पुतण्या जयराज हा पुण्यात जुने कॅमेरे घेऊन हौशी लोकांना विकतो. काल दुपारी तो घरी आला. हळदीसाठी बाहेर काढून ठेवलेला कॅमेरा बघून म्हणाला, "काकू, ह्यो डबा न्हाई, सोनं हाय. पोरं मोबाईल टाकून असल्या कॅमेऱ्याच्या मागं लागल्यात. लय भाव आलाय." मी म्हणाले, "इकायचा न्हाई. आत रोल हाय, धुवायचा ऱ्हायलाय. हात लावू नगोस." आणि म्हशीला वैरण टाकायला गेले.

परत आले तर जयराज नाही, कॅमेरा नाही. अंगणातल्या दोरीवर माझ्या लुगड्याशेजारी चिमटा लावून रोल वाळत घातलेला. पाणी ठिबकत होते. खाली साबणाचा फेस.

मी फोन केला. तो वर तोंड करून म्हणाला, "काकू, चिकटपट्टीनं भाव पडतोय, म्हणून काढली. रोल उन्हाला धरून बघितला, कोराच हुता. तुमी धुवायचा म्हणालासा, म्हणून धुऊन टाकला." मेल्याला कॅमेऱ्याचा भाव कळतो, आणि रोल धुणे म्हणजे काय ते कळत नाही! विचारायला तोंड नव्हते काय? मी गोठ्यात होते, काशीला गेले नव्हते.

दीर तानाजी म्हणाले, "वैनी, घरातलं घरात मिटवा. कॅमेरा परत देतोय न्हवं?" आज सकाळी जयराजने तो आणून दिला, पुसून चकचकीत केलेला. मी तो त्याच्या अंगावर फेकला. लागला असेल तर तेही लिहावे.

हवालदारांनी गेलेल्या मालात आधी "जुना कॅमेरा, एक, परत मिळाला" असे लिहिले. ते मी खोडायला लावले. तिथे "रेश्माचा बापाबरोबरचा फोटो, एक" असे लिहून घेतले. मालाचे वर्णन विचारले. ते सांगता येत नाही. तो फोटो मी बघितलेला नाही, रेश्मानेही नाही.

वर लिहिलेले मला रेश्मासमोर मोठ्याने वाचून दाखवले. मजकूर सगळा बरोबर आहे. राग मात्र कमी लिहिला आहे.