अध्यक्षीनबाईची चूल

…नाय नाय ताई, पाठी वळू नका. आता बघितलंच हाय तर या अशा पुढं, बसा दगडावर — तो नको, तो तापलाय — हां, इथं. ती पर्स ठेवा बाजूला नि ही नळी धरा. दोन्ही हातांनी. घाबरायचं काय त्यात, बांबू हाय, चावत नाय. ती हलली की वाफ जाते, नि वाफ गेली की माझी सगळी मेहनत गेली. होय, दारूच हाय. मोहाची. तुमाला काय वाटलं, भात शिजतोय? मुरबाडच्या हापिसातनं एवढ्या लांब वैशाखऱ्याच्या ह्या वाडीत आलात, दारूबंदीची अध्यक्ष मंगळीबाय कुठं म्हनून विचारलंत, घरच्यांनी सांगितलं ओढ्यावर कपडे धुते — आनि मी घावले ती अशी. तुमी मगापासनं काय सांगताय ते नंतर सांगा. आधी नळी.

कुकर ओळखलात? तुमच्याच संस्थेनं दिलेला. वाडी कोरडी केली म्हनून शाल दिलीत, नारळ दिलात नि वरनं हा कुकर. आता म्हनाल, मंगळीबाय, त्याच कुकरात? तर मग कशात, तुमीच सांगा ना. मडकी हायेत कुठं वाडीत? मीच फोडली सगळी, घराघरात शिरून, मुसळ घेऊन. माझ्या सासूची, बाईजाची, तर पहिली फोडली, म्हनजे कोनी बोलायला नको. काय मडकी होती ती — एकावर एक अशी बसायची की वरनं मातीचा हात फिरवला की वाफेला तीळभर वाट नाय. आता मागायला जाऊ कोनाकडं? ठकीकडं? गेल्या शिमग्याला तिच्या चुलीवर हंडा घावला तर मी तिला सगळ्या वाडीसमोर माफी मागायला लावली. आता जाऊन म्हनू, ठके, एक मडकं दे गो, माझं जरा काम हाय?

आनि ह्या कुकरानं सकाळपासनं माझा जीव खाल्लाय. शिट्टी काढली, तिथं प्लास्टिकची नळी बसवली, म्हटलं झालं. कुठलं काय — वाफ लागल्याबरोबर नळी लुळी पडली, मधेच दुमडली, वाफेला वाट नाय, आनि झाकनावर ती बारकी गोळी असते बघा, ती फट्ट करून उडाली ती गेली त्या करवंदीच्या जाळीत. मी आडवीच पडले. मला वाटलं पोलीस. मग बांबू तोडला, कोयत्यानं तासला, बसवला, भोकांना चिखल लिंपला — चिखल वाळला नि पडला. मग नाचनीचं पीठ मळून लावलं, ते घरात भाकरीला होतं, आता भाकरी नाय. त्यात कडंचं रबर फुगलंय, झाकन एका बाजूला तोंड उघडतं. हलवू नका हो ताई. कुकरवाल्यांची रीतच उलटी, सगळं आत कोंडून ठेवायचं. आमाला वाफ बाहेर पायजे, पन बाहेर म्हनजे कुठं, तर आमी सांगू तिथं.

कशाला म्हनजे? हौस आली का मला? रत्नाला बघायला पाहुने येतायत आज, शहापूरकडनं. माझी एकुलती एक पोरगी. मुलगा नितीन, वीटभट्टीवर भेटले ती दोघं, गेल्या साली, आनि तेव्हापासनं पोरीचं ध्यान कशात नाय — भांडी घासते नि हसते. तर आमच्यात रीत अशी, सोयरीक पक्की करायची तर पोरीच्या आईच्या हातची दारू लागते. दुकानातली बाटली नाय चालत. पहिली धार भुईला, वाघदेवाला, गेलेल्या मानसांना, मग दोन्ही व्याही एका द्रोनातनं पितात, मग ते व्याही. तोवर नुसते पाहुने. मागं एक ठिकान आलं होतं, चांगलं होतं, मी काय केलं — अध्यक्ष ना मी — चहा दिला. बशीत बिस्किटं लावून. म्हातारा कपाकडं बघत बसला नि उठून गेला. वाटंत कोनाला तरी म्हनाला, ह्या घरात देवाला द्यायला थेंब नाय, पोरीला काय देनार. तेव्हा रत्नाला काय वाटलं नाय, तिला तो मुलगा नकोच होता. आता वाटंल. आता हे मोडलं ना ताई, तर ती मला माफ नाय करनार, नि मी कुठल्या तोंडानं तिच्यासमोर बसू. म्हनून ही चूल.

सावळ्याला सांगितलं नाय. माझा नवरा. सांगितलं असतं तर पाहुन्यांच्या आधी तोच इथं येऊन बसला असता. नाय हो, आता नाय पीत. पीत होता तेव्हाचं काय सांगू, हा दात बघा, हा नाय तो. वाडीच्या सगळ्या बायांनी मिळून बंद केली ती काय भाषनं ऐकून नाय केली. म्हनून तर मी मुसळ उचललं… पन एक सांगू? कोनाला सांगू नका, हापिसात तर नकोच. सकाळी चूल पेटवली, फुलांचा तो वास आला, आनि मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. माझ्या हातची बाईजाच्याही वरची होती, पार माळशेजच्या खालपर्यंत नाव होतं. आता नाव हाय ते बंद केल्याचं. — हां, आली, बघा, धार आली! तपेली सरकवा खाली. कशी येते बघा, सुतासारखी. आता सांगा काय ते तुमचं, कधीपासनं तोंड उघडून बसलाय.

काय? जीपमधी? मुरबाडपासनं एकाच जीपमधी आलात, तुमी नि महादू? तेच की हो पाहुने, नितीनचा बाप. घरी येऊन बसलेत? आनि हे तुमी आत्ता सांगता? — बरं, मी बोलू दिलं नाय, मी बोलू दिलं नाय. सांगा. …काय म्हनाला? कोरड्या वाडीचीच पोरगी पायजे म्हनून? शहापूरकडच्या पाच ठिकानांना नको म्हनून इथं आला? अध्यक्षीनबाईचं घर म्हनून? …थोरला मुलगा? नितीनचा मोठा भाऊ? दारूनं गेला. कधी… हं. नितीननं सांगितलं नसंल रत्नाला. का सांगितलं असंल नि पोरीनं मला सांगितलं नाय. त्या दिवसापासनं त्यांच्या घरात थेंब नाय. देवालापन नाय.

आनि मी काय करून बसले गो बाय.

थांबा. ती झाडी हलली. गप. तोच हाय. पागोटंवाला, तोच ना?

— या ना पाहुने, या या. हातपाय धुवायचे? धुवा ना, वरच्या अंगाला पानी चांगलं हाय. हे? हे होय. धरलं आमी. मी नि ह्या ताईंनी, आत्ताच. कोनतरी चूल पेटवून पळालं, आमी आलो तर हे असं. ताई, सांगा ना. …त्या नळीच धरून बसल्यात, भेदरल्यात. माझ्या वाडीच्या ओढ्यावर असलं चालनार नाय, महादूदादा. तुमच्यासमोर ओतते. ही बघा, ही तपेली, ही — भुईमाते, तुला. वाघदेवा, तुला. बाईजा, तुला, आनि वरच्या वाटंनं गेलेल्या सगळ्यांना, गोड मानून घ्या, लेकरांना सुखात ठेवा —

तोंडातनं गेलं. सवय हो. हात ओतायला लागला की तोंड चालतं… महादूदादा, तुमी वहाना कशाला काढल्यात? हात कशाला जोडलेत?

नका असं बघू माझ्याकडं. माझी चूल हाय. माझीच. खोटं बोलले. पोरीसाठी केलं, प्यायला नाय, तुमी उठून जाल म्हनून —

काय म्हनालात? मोठ्यानं सांगा. …तुमच्या थोरल्याचं पन नाव घेऊ? ह्याच्यावर? …घेते. थोडी राहिलीय बुडाला. काय नाव त्याचं? …हेमंत. बरं. हेमंत, बाबा, तुला. घे रे. ही शेवटची.

झालं. संपली.

ताई, सोडा आता ती नळी. जा तुमी पुढं. आमी व्याही येतो पाठनं.