दहा लाख तीन

धर्मा : त्या दिवशी मी सुपारी काढायला पोफळीवर चढलो होतो, राही. खालून शेजारचा सदा ओरडला, "धर्मादा, उतर. वहिनी उठत न्हाय." उतरलो तर केसर पडवीत टेकलेली. मांडीवर ही वही, पेन्सिल हातातच.

राही : मामीला जाऊन दीड महिना झाला, मामा. आज तातडीनं बोलावलंस ते या वहीसाठी?

धर्मा : व्हय. तुझ्या मामीचं म्हणणं, आयुष्यात दहा लाख सुपाऱ्या तरी सोलल्या असतील. ढिगावर तीन देवाच्या ठेवायच्या, ही आपल्या वाडीची रीत. झाले दहा लाख तीन. याचे सारखे ढीग होतील का, एकही न उरता? तेवढंच बघायचं होतं तिला.

राही : आणि एकेका आकड्यानं भागत बसली? बाप रे! सातनं बाकी चार. अकरानं चार. तेरानं चार, सदतीसनं चार. गोल केलेत बघ भोवती.

धर्मा : चुकली काय?

राही : नाही रे! दहा लाखांत एक कमी असता, तर या चौघांनीही पुरता भाग गेला असता. आपल्याकडे त्याहून चार जास्त, म्हणून चारच उरतात. सातवी शिकलेल्या मामीला हे दिसलं?

धर्मा : दुपारी भांडी झाली की बसायची. हजाराच्या पुढं जायला नको म्हणायची. ते का गं?

राही : ढीग हजाराहून जास्त केलेस, तर एकेका ढिगात सुपाऱ्या हजाराच्या आतच येणार. दोघांतला एक आत असतोच. त्यातही दोननं गेलं नाही, तर चारनं कशाला बघायचं? असे निवडून हजाराच्या आत मूळ संख्यांचे एकशे अडुसष्ट आकडे. मामीचे एकशे बारा झालेत, सहाशे तेरापर्यंत.

धर्मा : पुढं सहाशे सतरा लिहून ठेवलेला. तो मी केला, तीन दिवस लागले. शून्य आलं, राही. एका आकड्यानं हुकलं तिचं. आणि त्या सकाळी मीच बोललो, वही ठेव, आधी सुपारी वाळत घाल. घास उतरत न्हाय मला.

राही : दाखव बघू. मामा, शेवटी चारशे त्रेसष्ट राहिले. त्यात सहाशे सतरा जात नाही, म्हणून तू वर शून्य लिहिलंस. बरोबर. पण ते वरचं शून्य भागाकाराचं. खाली चारशे त्रेसष्ट तसेच आहेत की!

धर्मा : म्हणजे गेलं न्हाय?

राही : नाही गेलं. मामीचं काही हुकलं नाही.

(धर्मा वहीची पानं मागं उलटत जातो.)

धर्मा : केवढा आकडा! एकशे तेरा जणांनी हात घातला, एकालाही फुटला न्हाय.

राही : फोनवर बघू? शेवटपर्यंत फुटतो की नाही, आत्ता कळेल.

धर्मा : फोन ठेव. पुढचा कुठला, तेवढा सांग.

राही : सहाशे एकोणीस.

धर्मा : दे तिची पेन्सिल. पंचावन्न राहिलेत.