रुमाल आधीचा की नंतरचा

धाराशिवच्या स्टँडवर तुळजापूरच्या गाडीची वाट बघत दोन निवृत्त वैमानिक असे काही कडाडून भांडत होते, की मागं उभ्या गौरीनं कानातली गाणीच बंद केली.

“रणधीरराव, या अर्जावर सही करा. दोन्ही विमान कंपन्या एक झाल्या, तर सगळ्यांची नोकरीही एकसारखी मोजा, एवढंच लिहिलंय.”

“व्यंकटराव, तुमची कंपनी छोटी होती. आमच्या कंपनीनं तुम्हाला सामावून घेतलं.”

“म्हणून माझी आधीची पंचवीस वर्षं पाण्यात? फुकट प्रवासाच्या पासावर उरलेली सीट नोकरीच्या वर्षांवर मिळते, तिथं तुमचा नंबर वर अन् माझा तळाला?”

“नियमच तसाय. कंपन्या एक झाल्या त्या दिवसापासून तुमची नोकरी धरतात.”

“अवो, नातीच्या बारशाला निघालो, तर दोन दिवस विमानतळावर बसवून ठेवलं! कालची पोरं माझ्या पुढं चढली. नातीचं नाव मला फोनवर कळलं, फोनवर!”

“वाईट वाटतं. पण सही केली तर माझा नंबर खाली जाईल की!”

तेवढ्यात गाडी वळली. ती थांबायच्या आत रणधीररावांनी पळत जाऊन खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. पण दारातून व्यंकटराव आधी चढले आणि त्याच सीटवर ऐसपैस बसले.

“उठा! रुमाल दिसत न्हाय का माझा?”

“कधी टाकला? गाडी फलाटाला लागायच्या आधी का नंतर?”

“आधी! सगळ्यांच्या आधी!”

“मग तो मोजायचा न्हाय. गाडी लागल्यापासूनच धरायचं. नियमच तसाय. ऱ्हावा उभं तुळजापूरपर्यंत!”