चौदा डबे आणि तिसरा चेक

सन्माननीय अध्यक्ष हरीशभाऊ, आजचे सत्कारमूर्ती चंद्रशेखरसर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शुभदाताई, बेस्ट या डच गावाहून मुद्दाम आलेले पाहुणे आणि मास्क हनुवटीला अडकवून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम.

मी राधाबाई. इथल्याच बुइटनव्हेल्डर्ट वस्तीत डबे करते. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. आजचं जेवण माझं आहे, म्हणून हरीशभाऊ म्हणाले, "बाई, दोन गोड शब्द बोला." बोलते. गोड स्वयंपाकघरात आहे, बासुंदी. शब्दांचं बघू.

माझ्या आधी सहा जण बोलले. सहाही जणांनी सांगितलं की सरांनी पहिल्या लॉकडाऊनमध्ये वसतिगृहात अडकलेल्या आपल्या चौदा मुलांना रोज जेवू घातलं. अगदी खरं आहे. मी साक्षीला आहे. कारण पोळ्या मी लाटत होते.

सरांचा फोन आला, "राधाबाई, मुलं उपाशी आहेत, डबे सुरू करा, पैशांचं मी बघतो." केवढं मोठं मन! मी म्हटलं, सर, खात्यावर टाका. तर म्हणाले, "इथल्या खात्यातून नको, भारतातल्या बँकेचे चेक देतो. तुमच्या बहिणीकडे पाठवा. आपलीच माणसं आपण."

आता मला सांगा, या देशात पोरंसोरं आइस्क्रीमचे पैसेसुद्धा मोबाइलवर देतात. इथे चेक कोण घेतं? मी घेतला. एक नाही, तीन. एप्रिल, मे, जून. सरांची सही इतकी सुंदर की मागे काही असेल-नसेल असा विचारच मनात आला नाही.

पोस्ट बंद. विमानं बंद. शेवटी सरकारने अडकलेल्यांसाठी सोडलेल्या विमानात एका ओळखीच्या बाईंच्या पर्समधून चेक गेले. त्या चौदा दिवस क्वारंटाइन, चेकही चौदा दिवस क्वारंटाइन. मग माझी बहीण सरला अकोल्यात मास्क लावून बँकेत गेली. जुलैत तिचा फोन आला, "अक्का, तिन्ही परत आले. खात्यात पैसेच नाहीत म्हणे. हा माणूस तिकडे मोठा साहेब आहे ना?"

मी म्हटलं, हो, फार मोठा. फेसबुकवर फोटो आहे त्याचा. माझ्या डब्यांबरोबर.

डबे मात्र ऑगस्टअखेरपर्यंत चालू ठेवले. त्या चौदांतली प्रणिता तिथे मागच्या रांगेत बसलीय, विचारा तिला. मुलांनी चेक दिला नव्हता, मग त्यांचं वरण का तोडू?

सरांना फोन केले. सर मीटिंगमध्ये. सर पुन्हा मीटिंगमध्ये. एवढ्या मीटिंगा तर पंतप्रधानांनाही नसतील. गॅसचं बिल मात्र मीटिंगमध्ये नव्हतं, ते वेळेवर आलं. मग प्रणिताला दुभाषी म्हणून घेतलं आणि गेले नगरपालिकेत, म्हणजे आपल्या खेमेंतेत. कोरोनात छोट्या धंदेवाल्यांचे अडकलेले पैसे सोडवायला त्यांनी एक टेबल लावलं होतं. दोघांना समोरासमोर बसवायचं, हप्ते ठरवायचे, फी नाही.

टेबलावर मारायके नावाची बाई. सरलाने परत पाठवलेला चेक काचेखालून सरकवला तर ती बघतच राहिली. दोन तरुण सहकाऱ्यांना बोलावून आणलं. एकाने फोटो काढला. ती म्हणाली, "असं माझ्या आजीकडे असायचं." मग विचारलं, "तुम्ही हा का घेतला?" मी सांगितलं, आपला माणूस आहे म्हणून. तिने ते शांतपणे लिहून घेतलं. कारणाच्या रकान्यात.

आणि सर आले हं! तीन पत्रं गेल्यावर. आपली माणसं भेटत नाहीत, पण खेमेंतेचं पाकीट आलं की भेटतात. त्या टेबलावर मला पहिल्यांदा कळलं, सरांची नोकरी त्या एप्रिलमध्येच गेली होती. कुणालाच सांगितलं नव्हतं. शुभदाताईंनासुद्धा नाही.

सर, खाली बघू नका. नोकरी कोणाचीही जाते. पण ते सांगायची लाज वाटली आणि चेक फाडायची नाही वाटली? एक शब्द बोलला असता, तर चौदाच्या जागी सोळा डबे झाले असते. दोन तुमच्या दारात.

हरीशभाऊंची चिठ्ठी आलीय. "आवरतं घ्या." घेते की. पण थोडा हिशोब राहिलाय. मारायकेने ठरवून दिल्याप्रमाणे दोन चेकांचे पैसे हप्त्याहप्त्याने आले. ते दोन्ही चेक मी सरांना परत केले. तिसरा हा इथे, माझ्या पर्समध्ये. आकडा रुपयांत, इथले सोळाशे ऐंशी युरो. याची मुदत होती, सरांनी हा देश सोडण्याआधी. सरांचं परतीचं विमान उद्या सकाळी आहे.

घाई नाही, सर. सभागृह पाच वाजेपर्यंत आपलंच आहे. स्वयंपाकघराची किल्ली माझ्या कनवटीला आहे. वांग्याचं भरीत, मसालेभात, बासुंदी, सगळं तयार आहे. मी बोलत राहते. मला उभं राहायची सवय आहे, चौदा डबे बसून होत नाहीत. बेस्टचे पाहुणे, भूक लागली का? सरांकडे बघा, माझ्याकडे नको.

तर सरांच्या सहीविषयी अजून थोडं...

थांबा. फोन वाजला.

चष्मा कुठे गेला... हां. सोळाशे ऐंशी. आले.

पाठवणाऱ्याचं नाव... शुभदा.

ताई, तुम्ही? तुम्ही कशाला? इथे सत्काराची शाल तर त्यांच्या खांद्यावर आहे.

बरं. हा घ्या तिसरा चेक. सरांना नाही देत, तुमच्या हातात देते. फाडा, जपून ठेवा, तुमची मर्जी. हरीशभाऊ, दुसरी शाल असेल तर काढा. नसेल तर सरांची उतरवा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही उपाशीपोटी ऐकलं, दोघांचे आभार. सातवीच्या बाईकडून काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर पोटात घाला. प्रणिता, ही किल्ली घे. पहिलं ताट शुभदाताईंचं वाढ. सरांचंही वाढ. बासुंदी दोन वाट्या. जय भीम.