बारावा धोंडा

बोईसरच्या एसटी स्टँडवर, पालघरच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे डोंगराकडच्या दोघी बोलत होत्या.

"ठके, आज बाजार सोडून पालघरला?"

"कचेरीत चाललेय, बायडे. शेतातलं जुन्या धोंड्यांचं रिंगण सरकारनं मोजलं ना, त्यात माझा कपडं धुवायचा धोंडाबी मोजला. बारावा नंबर रंगवलाय त्याच्यावर."

"साहेबाला सांगायचं ना!"

"सांगितलं. म्हटलं, गेल्या साली नवऱ्यानं ओढ्यातून आणला. तर म्हणतो, तीन हजार वर्षांचा हाय, हात लावलास तर केस होईल."

"मग दुसरा आण."

"तो तेरावा मोजतील!"

"आता कचेरी काय म्हणते?"

"धोंडा तुझा असंल तर जुन्या माणसाची साक्ष आण म्हणते."

"किती जुन्या?"

"तेच इचारायला चाललेय."