डावी सीट

सुनील : दारांखाली गंज नाही. रंग कंपनीचाच आहे, रंगाची जाडी मोजायचं मीटर दाखवतंय. सत्त्याण्णवची दोन सीटची, टप उघडणारी जपानी गाडी आणि अशी राखलेली! वहिनी, पुण्यातले शौकीन हिच्यासाठी वर्ष-वर्ष थांबतात.

प्रतिभा : हां.

सुनील : गोरखभाऊंना मिळाली कुठून?

प्रतिभा : ह्यांचं अवसरी फाट्याला ट्रॅक्टरचं गॅरेज व्हतं. पुण्यातल्या एकानं बंद पडलेली दिली. सहा वर्षं खोलत-जोडत बसले. मग दर रविवारी घोडेगावपतुर एकटेच जायाचे.

सुनील : आणि गेले कधी?

प्रतिभा : माघात. गॅरेजमधीच. छातीत कळ आली, तेवढंच.

सुनील : (दार उघडून आत वाकत) अरे! उजवी सीट घासलीय, पण ही डावी... पट्टासुद्धा कडक आहे अजून. हिच्यावर कुणी बसलंच नाही?

प्रतिभा : न्हाई. दोन्ही सीटा ह्यांनीच नव्या मागवून बसवल्या.

सुनील : तुम्हीसुद्धा नाही बसलात?

प्रतिभा : म्हणायचे, गिअरचं काम व्हऊ दे, मग नेतो. मग टपाचं कापड फाटलं. ते झालं, तर म्हणले, सीट कशी कोरी दिसती, ऱ्हाऊ दे आता.

सुनील : खोटं कशाला बोलू, त्यानं भाव वाढतो. मी नऊ लाख धरले होते. आता साडेनऊ देतो.

प्रतिभा : मी बसले न्हाई, त्याचे पन्नास हजार?

सुनील : ...तसंच म्हणा. आता एकदा चालवून बघतो. चला ना तुम्हीपण.

प्रतिभा : नको. भाव उतरंल.

सुनील : उतरू द्या.

कोंडाबाई : (ओट्यावरून) बस गं प्रतिभा. लेक माझा व्हता, तरी सांगते. आता कोण अडवतंय तुला?

सुनील : या. पाय आधी आत घ्या. पट्टा असा लावा. अवसरीपर्यंत जाऊन येऊ.

प्रतिभा : लई खाली बसतं की वो माणूस. बांधावरचं गवत पार कानापाशी आलंय.

सुनील : टप उघडू?

प्रतिभा : उघडा.

सुनील : आता तिसऱ्यात बघा कशी पळते... ऐकलात आवाज? गोरखभाऊंच्या हाताला तोड नव्हती! कसं वाटतंय?

प्रतिभा : अवसरी आली.

सुनील : वहिनी, कसं वाटतंय म्हटलं.

प्रतिभा : काय न्हाई वाटत, भाऊ. वाटंल, असं वाटलं व्हतं.