मुलाखतीला बसवलेल्या वडिलांबाबत

नाव: श्रीमती हौसाबाई उत्तम शेलार, वय ५४ वर्षे, धंदा: घरी साड्यांना फॉल-पिको करणे, शिक्षण: शाळेत गेले नाही, वाचता-लिहिता येते, राहणार आंबिवली, ता. कल्याण, जि. ठाणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मुलाखतीच्या दिवशी, सोमवारी सकाळी मी नळाचे पाणी भरले, मशीनला तेल घातले आणि मुलगी संचिता हिचा ड्रेस इस्त्री केला. भाकरी तव्यावर असताना एजंट नयन यांचा फोन आला, की मुलाखतीला येताना साहेबांचा एखादा बरा शर्ट आणा. माझे पती उत्तम वारले आहेत. नयन यांना ते माहीत होते. शर्ट कशाला, असे मी विचारले. फोटोसाठी, असे ते म्हणाले. पतीचा एकच शर्ट मी ठेवला आहे. तो मी नेला नाही.

संचिता बी.एस्सी. झाली आहे व पुढील शिक्षणासाठी तिने परदेशातील एका विद्यापीठात अर्ज केला होता. नयन हे त्या विद्यापीठाने नेमलेले एजंट असून त्यांचे ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे. पती तिथेच एका कारखान्यात लेथवर होते, त्यामुळे रस्ता मला माहीत होता. संचिताचा पासपोर्ट नयन यांनी कामासाठी म्हणून आधीच ठेवून घेतला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा लॅपटॉपसमोर कोट घातलेला एक इसम बसला होता. नयन म्हणाले, "हे पप्पा. हे नुसते हसतील. एकट्या बाईची मुलगी म्हटलं की तिकडचे लोक शंका काढतात. सगळे असंच करतात, मावशी." वडिलांचा कारखाना आहे असे सांग, असे त्यांनी संचिताला बजावले. मला कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा ठिकाणी उभे केले. संचिताने माझ्याकडे पाहिले. मी तिला हो म्हटले नाही आणि नाही पण म्हटले नाही.

विद्यापीठाच्या बाई स्क्रीनवर आल्या. त्यांनी अभ्यासाचे विचारले ते संचिताने न अडखळता सांगितले. मग शेजारी कोण बसले आहे, असे विचारले. संचिता इंग्रजीत बोलली. तिचा अभ्यास ऐकून ऐकून मला तेवढे इंग्रजी समजते. ती म्हणाली, "माझे वडील लेथवर काम करायचे. ते वारले. हे कोण आहेत मला माहीत नाही. माझी आई इथेच उभी आहे."

तो इसम उठला. "ताई, माझं नाव गुणाजी. मला शूटिंग आहे म्हणून बोलावलेलं," असे म्हणून त्याने कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेला. नयन लॅपटॉप मिटू लागले, तेव्हा बाईंनी त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले व मला समोर बोलावले. त्या सावकाश बोलल्या, संचिताने मराठीत सांगितले. "एजंट आम्ही नेमला आहे. त्याने जे केलं त्याची जबाबदारी आमची. खरं बोलल्याची शिक्षा तुमच्या मुलीला होणार नाही." मुलाखत पुन्हा घरून होईल, मध्ये कोणी लागत नाही, असेही त्या म्हणाल्या. नयन यांच्याकडे आणखी मुले आहेत, त्यांचे काय, असे मी संचिताला विचारायला लावले. प्रत्येकाशी आम्ही स्वतः बोलू, असे त्यांनी सांगितले.

बाहेर नयन म्हणाले, "पोरगी फार शहाणी आहे तुमची." मी म्हटले, हो, आहे.

मुलाखत शुक्रवारी आमच्या घरी झाली. मशीन बाजूला सरकवून तिथे खुर्ची टाकली. या वेळी मी तिच्या शेजारी बसले. पुढच्या आठवड्यात प्रवेश मिळाल्याचे कळले. गल्लीत मी स्वतः पेढे वाटले.

त्याच संध्याकाळी मी नयन यांना फोन करून पासपोर्ट मागितला. ते म्हणाले, तो इसम मुलीचा काका होता आणि मुलगी घाबरून काहीतरी बोलली, असे विद्यापीठाला लिहून द्या, मग पासपोर्ट घेऊन जा. मी संचिताला विचारले. ती म्हणाली, "आई, मी नाही लिहिणार. नाही गेले तरी चालेल." मी तिला लिहायला सांगितले नाही. पासपोर्टशिवाय तिला व्हिसा मिळणार नाही व वर्ष जाईल, हे आम्हा दोघींना माहीत आहे. तरी तिचा पासपोर्ट परत मिळावा व नयन यांच्यावर कायदेशीर कारवाई व्हावी, अशी माझी तक्रार आहे.

फोनच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, मी वागळे इस्टेटला गेले, त्यांच्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहिले आणि मुलांना घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगितले, की वर मुलांना वडील बदलून देतात. तिथून मी इथे आले.

जबाब ड्युटीवरील बाई हवालदारांनी टाइप केला. त्या वाचून दाखवणार होत्या, पण मी स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली सही केली आहे.